कुकरचं रबर आणि सीडी ३४

मे महिना, नागपूरचा पारा ४५ च्या आसपास, कूलर नुसता घरघरतोय आणि माझ्यासमोर, पॅथॉलॉजी लॅबमध्ये, खांद्यावरच्या गाठीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा). गाठ अडीच सेंटिमीटरची, फॉर्मवर 'केलॉइड?' (वाढलेला व्रण?) असं लिहिलेलं. एच अँड ई या नेहमीच्या रंगाच्या स्लाइडवर लांबट, एकसारख्या पेशी चटईसारख्या विणलेल्या. हे विणकाम डर्मॅटोफायब्रोमा या त्वचेच्या साध्या गाठीतही दिसतं आणि डीएफएसपी या त्वचेच्या कॅन्सरच्या गाठीतही. पहिली गाठ बहुधा काढली की संपते; दुसरी मुळांसारखी पसरते आणि अपुरी काढली तर पुन्हा उगवते. पेशी खालच्या चरबीत शिरल्यासारख्या वाटत होत्या, पण तुकडा नेमका तिथंच फाटलेला. म्हणून सीडी ३४, फॅक्टर तेरा-ए आणि एस १०० लावले. ही प्रथिनं; ज्या पेशीत असतील ती अँटिबॉडीनं तपकिरी रंगते. सीडी ३४ डीएफएसपीत येतं, फॅक्टर तेरा-ए डर्मॅटोफायब्रोमात, एस १०० नसांच्या गाठींत.

"मॅडम, सीडी ३४ निगेटिव्ह," टेक्निशियन म्हणाला. गाठीत रंग नव्हता, हे खरं. पण मी आधी रक्तवाहिन्या बघते. त्यांच्या अस्तरावर सीडी ३४ तपकिरी यायलाच हवं. इथं एकही वाहिनी उमटली नव्हती, सोबत लावलेली, रंग यायलाच हवा अशी कंट्रोल स्लाइडही फिकट. याला निगेटिव्ह म्हणत नाहीत, फसलेला रन म्हणतात.

दोष कुकरचा निघाला. अँटिबॉडीआधी काप त्यात तापवून प्रथिनं मोकळी करतो, त्याला रिट्रीव्हल म्हणतात. रबर सैल झालेलं, वाफ बाजूनं निसटत होती. प्रेशरच धरलं नाही, त्यामुळे ट्रिस-ईडीटीए (पीएच ९) हे द्रावण नुसतं उकळत राहिलं. तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मलिननं प्रथिनांत घातलेले बंध प्रेशरखाली तीनेक मिनिटांत सुटतात, नुसत्या उकळीत तेवढ्या वेळात नाही.

रबर बदललं. तीन मायक्रॉनचे नवे काप, ६० अंशांवर तासभर. रिट्रीव्हलनंतर वीस मिनिटं थंड होऊ दिलं. घाई केली की काप सुटून तरंगतो. ह्युमिड चेंबरमधला कापूस पुन्हा ओला केला. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात अँटिबॉडीचा थेंब कडेनं वाळतो आणि कड उगाच तपकिरी दिसते.

या वेळी वाहिन्या लख्ख, आणि गाठही लख्ख, अगदी मधोमध, सलग. मधोमध बघायचं, कारण डर्मॅटोफायब्रोमाच्या कडेलाही सीडी ३४ येतं आणि तिथंच फसायला होतं. फॅक्टर तेरा-ए तुरळक पेशींत. एस १०० नसांत आलं, गाठीत नाही. खोलवरच्या नव्या कापात चरबीभोवती मधाच्या पोळ्यासारखी जाळी. डीएफएसपीच.

सर्जनला फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "मार्जिन?" म्हणजे कापलेल्या कडेपर्यंत गाठ पोचली आहे का. पण गाठ दोन तुकड्यांत आलेली, दिशा दाखवणारा दोरा नाही. मार्जिन सांगता येत नाही, असंच रिपोर्टात लिहिलं.