आजींच्या बरण्या

(माजी विद्यार्थिनी, दहावी १९८८)

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गुरुजनांविषयी, निकालांविषयी, नव्या इमारतीविषयी इतर जण लिहितीलच. मला लिहायचं आहे ते फाटकाबाहेरच्या आजींच्या दुकानाविषयी. दुकान म्हणजे कडुलिंबाखाली एक लाकडी खोकं, त्यावर पोतं आणि पोत्यावर काचेच्या बरण्या.

मधल्या सुट्टीची घंटा झाली की आधी तिकडे धाव, मग डबा. पाच-दहा पैशांत काहीतरी हातात पडायचंच. संत्र्याच्या फोडीच्या आकाराची लिमलेटची गोळी, रंगीत जिरागोळ्या, नाहीतर कागदाच्या पुडीतलं बोरकूट. ते तळहातावर घेऊन चाटायचं, आणि पुढच्या तासाला वहीच्या पानांवर त्याची बोटं उमटायची. फँटमच्या सिगारेटसारख्या दिसणाऱ्या, लाल टोकाच्या पांढऱ्या गोड कांड्या ओठांत धरून मुलगे ऐटीत फिरायचे. बाईंच्या नजरेस पडल्या की जप्त.

पण खरा मान रावळगावच्या गोळ्यांचा. रावळगाव आपल्याच मालेगाव तालुक्यातलं, त्यामुळे ती गोळी आम्हाला घरची वाटे. वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली स्थापन केलेल्या तिथल्या साखर कंपनीनं १९४२पासून गोळ्या बनवायला घेतल्या, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. तेव्हा आम्हाला फक्त पान पसंद माहीत. मोठ्यांच्या जेवणावळीतलं पान लहानांना कुणी देत नसे, ते सुख या गोळीत मिळे. गोळी एक आणि मैत्रिणी दोघी असल्या की स्कर्टच्या टोकात धरून ती चिमणीच्या दातांनी तोडायची. मोठा तुकडा मैत्रिणीला द्यायचा, हा आमच्या वर्गाचा नियम. कागद मात्र जिनं गोळी घेतली तिचा. तो नखानं सपाट करायचा, पिळून त्याची बाहुली करायची. माझ्या कंपासपेटीत अशा बाहुल्यांचं मोठं कुटुंब राहत होतं.

गोल्डस्पॉट हे संत्र्याच्या चवीचं शीतपेय फक्त स्नेहसंमेलनाच्या दिवशी, आणि तेही एका बाटलीत तीन-चार स्ट्रॉ घालून.

यातलं काय, कसं गेलं याचा मी बराच विचार केला आहे. गोल्डस्पॉट १९९३ साली पार्लेकडून कोकाकोलाकडे गेलं आणि पुढे फँटाला वाट करून देत बंद झालं. पार्लेची रोला-कोला ही कोलाच्या चवीची गोळी २००६ साली थांबली, पण लोकांनी इतकी मागणी केली की २०१९ साली परत आली. मी लेकीसाठी आणली, तिलाही आवडली. आजींच्या बरण्यांना मात्र अशी मागणी करून परत आणता येत नाही. त्यांचा जीव सुट्या नाण्यांत होता. पाच-दहा पैसे व्यवहारातून कधीच गेले होते. ३० जून २०११पासून २५ पैसे आणि त्याखालची नाणी कायद्यानंही बाद झाली. पहिलीतलं पोर स्वतःच्या मुठीतल्या पैशांनी स्वतः निवडून एक गोळी घेतं, हा व्यवहारच उरला नाही. मला सगळ्यात जास्त हळहळ त्याची वाटते.

फेब्रुवारी २०२४मध्ये रावळगावच्या गोळ्यांची नावं, पाककृती असं सगळं २७ कोटी रुपयांना रिलायन्सच्या कंपनीनं घेतल्याची बातमी आली. त्या दिवशी आमच्या वर्गाच्या ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत कुणी झोपलं नाही. एकानं जुन्या वेष्टनाचा फोटो शोधला, एकीनं बाहुली करून दाखवली. मग कुणीतरी विचारलं, आजींचा फोटो आहे का कुणाकडे? कुणाकडेच नव्हता.

ज्याच्याकडे पैसे नसत, त्याच्याही हातावर त्या चार जिरागोळ्या ठेवायच्या आणि "उद्या दे रे बाळा" म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी मागायच्या मात्र नाहीत.

सुवर्णमहोत्सवाच्या प्रदर्शनासाठी समिती जुनी छायाचित्रं गोळा करते आहे. प्रभातफेरीच्या, सहलीला निघतानाच्या एखाद्या फोटोत फाटकाच्या डाव्या बाजूला नऊवारीतल्या, हनुवटीवर गोंदण असलेल्या आजी दिसत असतील, तर तो नक्की पाठवा. त्यांचं नाव आमच्यापैकी कुणाला ठाऊक नाही. तुमच्या घरात कुणाला आठवत असेल, तर तेही फोटोमागे लिहून द्या.