खाली सांडलेली दादर

रविवार, रात्री.

आज दिवसभर खळ्यावर. दादर, म्हणजे आपली रब्बी ज्वारी, निघाली एकदाची, मळणी यंत्र दुपारी गेलं, आणि माय नेहमीसारखी खाली सांडलेले दाणे झाडून गोळा करत बसली. म्हटलं राहू दे ना, किलोभरासाठी कंबर मोडशील, तर म्हणे दाणाले पाय नको लावू, सरक तिकडे. तेव्हा भाच्याचं बोलणं आठवलं.

भाचा फौजेत आहे, वर्षभर दक्षिण सुदानमधे मलाकालला होता, युएनच्या शांतीसेनेत. मामा, तिथंबी लोक ज्वारीच खातात म्हणे, पीठ आंबवून पातळ किसरा करतात, आपल्या धिरड्यासारखा. पावसाळ्यात रस्ते चिखलात जातात, उन्हाळ्यात गोळीबार, मग जागतिक अन्न कार्यक्रमवाले ज्वारीची पोती विमानातून टाकतात, पॅराशूट बिराशूट काही नाही, पोत्यात पोतं घालायचं, मैदान रिकामं करायचं अन् द्यायचं सोडून. तरी काही फुटतातच, मग बाया मातीतून दाणे वेचतात.

दक्षिण सुदान 2011 ला वेगळा देश झाला आणि 2013 च्या डिसेंबरात अध्यक्ष कीर आणि त्यांनीच काढलेले उपाध्यक्ष मचार यांच्या भांडणात पेटला पण. लोक जीव घेऊन युएनच्या तळांवर पळाले, गेटं उघडली, हजारो आत घेतले. अकोबोला मात्र हल्लेखोर तळातच घुसले, आसऱ्याला आलेल्यांना मारलं, आपले दोन जवान गेले. पारावर कोणी म्हणतं निळ्या टोपीवाले शांतीसैनिक नुसते उभे राहतात, मी भांडत नाही, कारण 2016 ला तिथल्या राजधानीत, जुबात, लोकांनी हाका मारूनही ते वेळेवर गेले नाहीत, तेही खरंच आहे. पण गेट उघडलं नसतं तर, हे पारावर कोणी बोलत नाही.

2017 ला तिथं लीर आणि मायेंदित भागात दुष्काळ जाहीर झाला. आपल्याकडे पाऊस दडी मारतो, पीक बुडतं मग दुष्काळ. तिथं मुख्य कारण लढाई, पेरायलाच कोणी थांबलं नाही, गुरं लुटून नेली. हे मला अजून नीट पचत नाही, कारण आमच्या घरात दुष्काळ म्हटलं की सगळे आधी आभाळाकडेच बघतात.

संध्याकाळी मायने ते दाणे सुपात पाखडले, खडे काढले. मी गुपचूप वजनकाट्यावर ठेवले. सव्वा किलो. मायने बघितलं, काही बोलली नाही, नुसती हसली.