श्रावणातला पऱ्या

राखीपौर्णिमेला आईला घेऊन आजोळी जायचं, हे आमचं दरवर्षीचं. २०२३ साली ती ३० ऑगस्टला आली होती, बुधवारी. आदल्या दिवशीच निघालो. एरवी या दिवसांत ताम्हिणीत गाडीची काच खाली केली की मांडी भिजते. या वेळी धबधब्यांच्या जागी कातळावर नुसते काळे ओघळ होते. आई बराच वेळ बाहेर बघत होती. शेवटी म्हणाली, "श्रावण आहे की कार्तिक?"

जुलैत याच पावसाने रायगड झोडपून काढला होता. इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती त्याच महिन्यात. ऑगस्ट लागला आणि पाऊस जो गेला तो गेलाच. पुढे हवामान खात्याने सांगितलं की १९०१ पासूनचा देशातला हा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट, सरासरीहून ३६ टक्के कमी. आम्हाला ते माणगावच्या अलीकडेच कळलं होतं. खाचरांत पाणी नव्हतं, बांधावर माणसं कमरेवर हात ठेवून उभी होती.

गाव महाडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. नाव लिहीत नाही. पऱ्या, म्हणजे आमच्या घरामागचा ओढा, लहान आहे आणि वाचणारे पुष्कळ.

या भागात मासे बघायला म्हणून येणारा माणूस काळ नदीवरच्या वाळणकोंडाला जातो. देवीचे मासे, त्यांना कोणी हात लावत नाही, कुरमुरे टाकले की हातभर लांबीचे महसीर तोंड वर काढतात. गरवायचं, म्हणजे गरी टाकून मासे धरायचे असतील, तर सावित्री नदी आहे. आमच्या घरामागच्या पऱ्याकडे मात्र कपडे धुण्यापलीकडे कोणी बघत नाही. उडी मारली तर पलीकडे पोचाल, एवढाच तो. आणि त्यात श्रावण. मामीने दारातच सांगितलं, "काय गावलं तरी घरात आणू नको, बाय."

अधिक महिना धरून दुसरा श्रावण चालू होता. म्हणजे कट्टर लोकांनी जुलैच्या मध्यापासून पऱ्याला हात लावला नव्हता. माझ्या डोक्यात हाच हिशोब होता, खोटं कशाला बोलू?

वळचणीला माझी चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, गरवायची काठी होती. तिचा तंगूस, म्हणजे गरीची दोरी, कुजका निघाला, तो बदलला. गरी मी पुण्याहून आणली होती, सगळ्यात बारीक. आता काडू हवेत. गोठ्यामागचा उकिरडा कुदळीने वीतभर खणला, कोरडा ठणठणीत. गांडुळं ओल शोधत कुठे खोल गेली होती देव जाणे. मामा ओटीवरून बघत होता. म्हणाला, "नाकतोडं धर. ते मुबलक हायेत यंदा. भातावर दुसरं हाय काय?"

बांधावरून जाताना त्याने भात दाखवलं. पोटरीला यायच्या बेतात आणि खाली मातीला बोट जाईल एवढ्या भेगा. त्यासाठीच त्याने पऱ्यावर आडवा बांध घातला होता: दगड, पेंढा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरलेली माती. पाणी पाटाने खाचरात वळवलेलं. बांधाच्या वर कोंड, म्हणजे पऱ्यातला डोह, तुडुंब, खाली पऱ्या तुटून डबक्यांची माळ झालेली. मासेमारीची बाजू घेऊन मला काही बोलता येईना. ते पाणी जिथे जायला हवं होतं तिथेच जात होतं.

एका डबक्याशी मामा घमेलं घेऊन बसला आणि हाताने मासे गोळा करू लागला. बोटाएवढे, निळसर पट्ट्यांचे, आणि चार-दोन खवळी. घमेलं वर नेऊन कोंडात ओतलं. हे तो रोज सकाळी करतो म्हणाला. मी मोठ्या कौतुकाने बघत होते, तर म्हणतो, "गनपती गेल्यावर काय तरी लागंल ना!"

कोंड करंजाच्या सावलीत. पाणी इतकं निवळ की तळाचा प्रत्येक गोटा दिसावा. नवखा माणूस इथे खूश होतो. पण आपल्याला मासे दिसतात म्हणजे माशांनाही आपण दिसतो. मी सरळ काठावर जाऊन उभी राहिले आणि सगळा कोंड क्षणात रिकामा झाला. मग पंधरा मिनिटं दगडामागे मांडी घालून बसले.

आधी परतले ते मळ्ये. खालच्या ओठामागे चकती असते, तिने दगडाला चिकटतात आणि वरचं शेवाळ खरवडतात. खरवडलेल्या जागी दगडावर फिकट पट्टे उमटतात. गरीला हा मासा ढुंकून बघत नाही. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांना शास्त्रीय नावं दिली, तेव्हा त्याने बऱ्याचदा आपल्या लोकांच्या तोंडची नावंच उचलली. म्हणून मळ्या आजही जगभर 'गारा मुल्ल्या' आहे. मामाला सांगितलं. त्याला विशेष वाटलं नाही. मळ्याला मळ्या नाही तर काय म्हणणार?

गरी बुडवणारं शिसं काढून टाकलं, नुसता नाकतोडा गरीला लावला आणि वरून पाणी कोंडात उतरतं तिथे सोडला. तो पाय झाडत फेसाबरोबर दोन हात वाहिला असेल नसेल, एक पट्टेवाला सपकन वर आला. पाण्यातून काढेपर्यंत त्याची निळाई बोटांवर चमकत होती. सोडून दिला. असे सात-आठ झाले. एकदा गरी करंजाच्या मुळ्यांत अडकली ती गेलीच.

ऊन कलल्यावर मुळ्यांच्या अंधारात शिसं लावून गरी खाली बसवली. काठीचं टोक दोनदा हललं, मग वाकलं. शिंगटी! घाईत पोटाखालून धरली आणि कल्ल्यामागचा काटा अंगठ्यात गेला. ठणका थेट मनगटापर्यंत. मामा म्हणाला, "मागनं धरायची. लहानपणीबी हेच केलंस." दुसरी मागून धरली. दोनच घेतल्या आणि काठी गुंडाळली. पऱ्या उन्हाळ्यासारखा तुटलेला, कोंडात जे आहे ते तेवढंच. पऱ्या पुन्हा जोडला जाईपर्यंत नवं काही येणार नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात कोणी तरी इथे ब्लीचिंग पावडर ओतली होती. पूर्वी गेळाची फळं ठेचून टाकत, त्यानेही मासे मरत, पण ब्लीचिंगनंतर खेकडासुद्धा उरला नव्हता, असं मामा सांगतो. ते सांगताना तो पहिल्यांदाच शिवी घालतो.

घरात न्यायच्या नाहीत म्हणून तिथेच तीन दगड मांडले. शिंगट्या साफ केल्या, मीठ-हळद चोळली, केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यात ठेवल्या. मामीने दिलेली नाचणीची भाकरी होतीच. पान करपलं, आतली वाफ सुटली. मामा पाठ करून बसला होता, पण वाऱ्याच्या दिशेलाच.

"वासाने श्रावण मोडत नाही ना?" मी विचारलं.

"तू खा गुमान."

दुसऱ्या दिवशी राखी झाली, नारळीभात झाला, दुपारी आम्ही निघालो.

दहीहंडीच्या सुमाराला पाऊस परतला. मामाचा फोन आला, मागे पागोळ्यांचा आवाज. बांध गोण्यांसकट वाहून गेला म्हणाला, आणि हसत होता. भात उभं आहे. खालची डबकी जोडली गेली.

"आनि तुझ्या काठीला नवी गरी बांधून ठेवलीय," तो म्हणाला. "यंदा गनपतीला पाच दिसांची रजा काढ."