तारा काढलेल्या बारा बाटल्या

इंदूरच्या बायपासवरचं लॉन, मे महिना, एका मराठी कुटुंबात लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. बार माझ्याकडे. साडेआठला केक कापला की नाशिकच्या स्पार्कलिंग, म्हणजे फेसाळणाऱ्या, वाइनच्या १२ बाटल्या उघडायच्या होत्या. बर्फवाला उशिरा आला, म्हणून मी गेटवर गेलो. जाताना नव्या मुलाला सांगितलं, "बाटल्या तयार ठेव."

परत आलो तर टेबलावर बाराही बाटल्या ओळीनं मांडलेल्या. सोनेरी कागद सोललेला, तारा काढलेल्या. त्या तारा त्यानं एका बशीत नीट रचूनही ठेवल्या होत्या. दहा पावलांवर पाणीपुरीचा काउंटर आणि भोवती पोरंच पोरं.

या बाटलीत ५ ते ६ बार दाब असतो (हा बार म्हणजे दाब मोजायचं माप). कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन. बूच तारेच्या जाळीनं अडवलेलं असतं. पूर्वी दोऱ्यानं बांधत, मग १८४४ साली फ्रान्समध्ये शॅम्पेन बनवणाऱ्या जाकेसाँ यांनी जाळीचं पेटंट घेतलं. ती जाळी काढली की बूच कधी सुटेल याचा भरवसा नाही, आणि सुटलं तर पापणी मिटायच्या आत डोळ्यावर येतं.

तारेच्या कडीला सहा अर्धे वळसे असतात. पहिला वळसा सोडायच्या आधी अंगठा बुचावर ठेवायचा, तो बूच निघेपर्यंत उचलायचा नाही. तार फक्त सैल करायची. ती बुचासकट मुठीत राहते. बाटली तिरकी धरायची, तोंड माणसांपासून दूर. बूच घट्ट धरून बाटली बुडाकडून फिरवायची. हलकं 'फुस्स' ऐकू आलं की काम नीट झालं. 'फट्ट' वाजवणाऱ्याला लोक टाळ्या देतात, मी त्याला बारवर उभा करणार नाही. बाटली थंडही हवी: निम्मा बर्फ, निम्मं पाणी, अर्धा तास, मान बुडेल इतकं. बर्फ तर आत्ता कुठे आला होता.

पोरांना मागे हटवलं. नॅपकिन ओले करून बुचांवर टाकले. मग एकेक बाटली नॅपकिनसकट मुठीत धरून बर्फाच्या पाण्यात उतरवली. सहा उतरल्या. सातवीकडे हात नेला तोच तिचं बूच नॅपकिन उडवून कानाजवळून गेलं आणि मंडपाच्या लोखंडी पाइपवर ठण्णकन आपटलं.

कोणाला लागलं नाही. यजमानांना वाटलं, मुद्दाम केलं. "वा! आता अशीच हलवून उडवा, क्रिकेटवाल्यांसारखी!" मी हात जोडून नाही म्हटलं. ते नाराज झाले, नंतर मॅनेजरही बोलला: पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं. आमच्याकडे पोरांना ट्रे कसा धरायचा, हसायचं कसं, हे आठवडाभर शिकवतात. ही बाटली कोणी हातात देत नाही. उरलेल्या अकरा मी उशिरा, पुरत्या थंड झाल्यावर, एकट्यानं उघडल्या.

रात्री सामान आवरताना तो मुलगा जवळ आला. चेहरा उतरलेला. "भिया, सोड्याची झाकणं आपण आधीच सैल करून ठेवतो ना? मला वाटलं, तसंच."

तीन आठवडे झाले. सोड्याची झाकणं सैल करायला त्याला मीच शिकवलं होतं, त्याच टेबलावर, तेच शब्द वापरून: "तयार ठेव."