ढीग तापला होता, पण कोरडा होता

जुलैत अण्णांचा फोन आला. "मॅडम, खत टाकलं आणि रानात माठाचं तणच तण झालंय."

वाळवा तालुक्यातलं त्यांचं हळदीचं रान. जाऊन बघितलं तर खत पडलेल्या वरंब्यांवर काटेमाठ आणि गाजरगवत दाट उगवलेलं. कडेच्या बिनखताच्या चार सऱ्यांत तुरळक. दुसरी भांगलण, म्हणजे खुरपणी, तोंडावर आणि कामाला बायका मिळेनात.

तो शेणखताचा ढीग मीच लावून दिला होता. एप्रिलात तापमापी मधोमध खुपसली, ६२ अंश दिसले, आणि "तणाचं बी मेलं समजा" असं सांगून मी निघाले. आम्हाला वाटायला दिलेल्या पत्रकात तेवढंच छापलेलं असतं: ५५ अंश, तीन दिवस. ओलीबद्दल अक्षर नाही. असली अर्धवट पत्रकं शेतकऱ्याच्या हातात देणं मला आता बरोबर वाटत नाही.

उरलेलं खत गोठ्याच्या छपराखाली होतं. फावड्यानं ढीग उभा कापला. पोटात राखेसारखा पांढरा पट्टा, मुठीत दाबला तर भुगा. तापानंच तिथली ओल उडाली होती. त्याखाली काळं, ओलसर खत. मूठ उघडली तरी लाडू तसाच राहिला, पाणी गळलं नाही. ओल असायला हवी ती एवढीच. दोन्हींचे नमुने ट्रेमध्ये पसरून रोज पाणी शिंपडलं. आठव्या दिवशी पांढऱ्या खताच्या ट्रेत माठाची लालसर दांड्यांची रोपं मावत नव्हती. काळ्याच्या ट्रेत दोनच.

वाळलेलं बी उष्णता सोसतं. पाणी पिऊन फुगलं, आत हालचाल सुरू झाली, की तेवढ्याच तापमानाला मरतं. (चांदवेल या तणाच्या टणक बियात पाणीच लवकर शिरत नाही, त्यामुळे ते ओल्या ढिगातही तग धरतं.) मे महिन्यात तणाचं बी मारण्यासाठी जमीन तापवायला प्लास्टिक अंथरण्याआधी रान भिजवून घ्या, हे मी दरवर्षी सांगते. तेच ढिगाला लागू आहे, हे सुचलं नाही.

उरलेला ढीग भिजवून पलटी मारलाय. पहिल्या पलटीच्या वेळी अण्णांनी विचारलं होतं, "वरनं पाणी मारू का?" पाण्याची पाळी उसाला जाऊ दे, असं मीच म्हणाले होते. फोनवर त्यांनी त्यातलं काहीच काढलं नाही.