वीस अंश पूर्वेला

नौपाड्यातली आमची इमारत चार मजली. लिफ्ट नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी, कठड्याला चार बोल्टांनी आवळलेली एक करडी डिश आहे. आई तिला अजूनही छत्रीच म्हणते. 2009 च्या दिवाळीआधी बाबांनी ती बसवून घेतली, कारण केबल वारंवार जायची आणि नेमकी संध्याकाळी सातच्या बातम्यांना जायची. पुढे 31 मार्च 2013 च्या मुदतीत ठाण्यात सगळ्यांनाच केबलसाठी सेट टॉप बॉक्स घ्यावे लागले, तेव्हा बाबा शेजाऱ्यांना आमची पेटी कौतुकाने दाखवायचे.

2021 मध्ये बाबा गेले. त्यानंतर काही महिने मी रिचार्ज करत राहिले, मग राहून गेलं. घरात फायबरचं नेट आलं, टीव्ही नवा आला, आणि पेटी माळ्यावर गेली. आईचं काय होईल हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. ती आता एकोणऐंशी वर्षांची आहे. नव्या टीव्हीच्या रिमोटवर बाण दाबत दाबत ॲपपर्यंत पोचायचं, तिथून चॅनेल शोधायचं, तेवढ्यात दुसरंच काही सुरू होणार. नेट गेलं की सगळंच बंद. मी सव्वाआठला ऑफिसमधून येईपर्यंत ती काळ्या पडद्यासमोर बसलेली असायची आणि वर म्हणायची, "राहू दे गं, काही अडत नाही माझं." ते ऐकवत नसे.

गणपतीच्या आधी माळा आवरताना पेटी सापडली. जुन्या पंचात गुंडाळलेली, रिमोटला प्लास्टिकचं कव्हर, त्यावर रबरबँड. पेटीच्या माथ्यावर बाबांच्या अक्षरात कागदाची पट्टी चिकटवलेली: सह्याद्री, बातम्या, क्रिकेट, जुनी गाणी, आणि प्रत्येकापुढे चॅनेलचा नंबर. आई म्हणाली, "हीच लाव."

पहिली अडचण टीव्हीच्या मागेच होती. जुन्या पेटीला पिवळी, लाल आणि पांढरी अशी तीन टोकांची एव्ही वायर लागते. नव्या टीव्हीला तशी भोकं नाहीत, सगळं एचडीएमआय. पण बाजूला एव्ही लिहिलेलं एक बारीक छिद्र होतं. त्यात घालायची एका टोकाला एक पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन सॉकेट असलेली वायर स्टेशनजवळच्या दुकानात मिळाली. जुना टीव्ही बदललेल्यांनी टीव्हीच्या कडेला हे छिद्र आहे का ते आधी बघावं. बऱ्याच सेटना असतं आणि कोणी सांगत नाही.

पेटीचा दिवा लागला. पडद्यावर "सिग्नल नाही".

भाचा डोंबिवलीहून आला होता. त्याने पेटीमागचा कनेक्टर काढला आणि मला दाखवला. वायरीच्या मधली तांब्याची तार पार हिरवी पडली होती. एवढ्या पावसाळ्यांचं पाणी वायरीतूनच खाली उतरलेलं. वर गच्चीतल्या टोकाला तर रबरी टोपी कधीच गळून पडली होती आणि कनेक्टर बोटाने चुरला जात होता. दोन्हीकडची वायर वीतभर कापली. वरचं काळं आवरण सोललं, बारीक जाळी मागे दुमडली, मधला पांढरा थर काढून तांब्याची तार नखाएवढी उघडी ठेवली आणि नवे एफ कनेक्टर बसवले. जाळीचा एक जरी धागा मधल्या तारेला टेकला तर सिग्नल मरतो, म्हणून भाच्याने टॉर्च मारून दोनदा पाहिलं. वरच्या टोकाला टेप गुंडाळताना खालून वर गुंडाळायची, म्हणजे पाणी घड्यांवरून ओघळून जातं. बाबा पन्हाळीच्या सांध्यालाही तसंच करायचे.

खाली येऊन पाहिलं तर सिग्नलच्या दोन्ही पट्ट्या हिरव्या! म्हणजे डिश ठीक, एलएनबी (डिशच्या दांड्याच्या टोकाला असलेला, सिग्नल झेलणारा भाग) ठीक, वायर ठीक. आणि पडद्याच्या मध्यभागी चौकट: कार्ड बंद आहे.

मी लगेच फोन करून पैसे भरायला तयार होते. पलीकडचा मुलगा फार नीट बोलला. त्याने सांगितलं की ही पेटी एमपीईजी-2 ची, म्हणजे चित्र दाबून पाठवायच्या जुन्या पद्धतीची आहे, तिच्यावर आता काही दिसणार नाही, नवीन बॉक्स घ्यावा लागेल. एमपीईजी-4 मध्ये तेच चित्र साधारण निम्म्या जागेत मावतं, म्हणून कंपन्या हळूहळू तिकडे गेल्या आणि जुन्या पेट्या मागे राहिल्या. आईने तो बॉक्स पंचाने पुसून ठेवला होता. तिला हे सांगताना मला फार जड गेलं.

या पेट्यांचं काम कसं चालतं हे मला तोवर माहीत नव्हतं. उपग्रहावरून येणारं चॅनेल कुलूपबंद असतं आणि त्या कुलपाची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. पेटीतलं कार्ड ती किल्ली ओळखतं. कोणत्या कार्डाला काय पाहायची परवानगी आहे, हा निरोपही आकाशातूनच येतो आणि एकाच दिशेने येतो. साधी पेटी डिशमधून कंपनीला उलट काहीच कळवत नाही. म्हणूनच रिचार्जनंतर "बॉक्स चालू ठेवा" असं सांगतात. निरोप येईल तेव्हा पेटी जागी हवी. हे कुलूप फोडायचे उद्योग दाखवणारे व्हिडिओ आहेत. मला त्यात जायचं नव्हतं, आणि आईच्या खोलीत चोरीची गोष्ट तर नकोच होती.

पण एक गोष्ट मला मनापासून खटकते. बाबांनी पैसे मोजून आणलेली पेटी एका कंपनीपुरतीच जन्माला आली आणि तिथेच संपली. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. सेट टॉप बॉक्सही कोणत्याही कंपनीला चालतील असे असावेत, अशी शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, 2020 च्या एप्रिलमध्ये केली होती. आमच्या माळ्यावरच्या पेटीला त्याचा काही उपयोग झाला नाही. घराघरातून अशा किती पेट्या पडून असतील!

बाबांची एक वही आहे. 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायचे नवे दर लागू झाले, तेव्हा त्यांनी तिच्यात एकेका चॅनेलची किंमत मांडून बेरीज केली होती. सगळ्यात वर लिहिलंय, 130 अधिक जीएसटी, 153.40. एवढे नुसते जोडणीचे, शंभर चॅनेलपर्यंत, आणि आवडीची पैशांची चॅनेल त्याच्यावर. त्यांनी चार चॅनेल खोडून एक ठेवलं होतं. सह्याद्रीपुढे किंमतच नव्हती, ते फुकटच होतं. ती वही चाळताना सुचलं, की आईला हवंय ते मुळात फुकट आहे, मग आपण पैसे भरायचं डोक्यात घेऊन का बसलोय?

दूरदर्शनची फ्री डिश डिसेंबर 2004 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. महिन्याला काही भरायचं नाही, पेटी एकदा विकत घ्यायची. मी एमपीईजी-4 ची घेतली, बाराशे रुपयांना. दुकानदार डिशसकट सगळा संच द्यायला बघत होता. तो घेऊ नका. घरातली जुनी डिश चालते. आमच्या एलएनबीवर 9750/10600 असं छापलेलं होतं आणि फ्री डिशच्या पेटीतही हेच दोन आकडे भरायचे असतात. उपग्रहावरून 11090 मेगाहर्ट्झवर आलेल्या लहरीतून एलएनबी 9750 वजा करतो आणि 1340 वायरीतून खाली पाठवतो. मूळची लहर एवढ्या लांब वायरीत तग धरणार नाही, म्हणून वरच हे काम उरकायचं.

बदलायची होती ती फक्त दिशा. बाबांची डिश 83 अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहाकडे बघत होती. फ्री डिश जीसॅट-15 वरून येते, तो 93.5 अंशावर. ठाण्यातून पाहिलं तर पहिला उपग्रह होकायंत्राच्या साधारण 152 अंशांवर आणि दुसरा 131 वर, म्हणजे डिश वीस-एकवीस अंश पूर्वेकडे वळवायची आणि सात अंश खाली झुकवायची. जीसॅट-15 इथून क्षितिजाच्या वर सत्तावन्न-अठ्ठावन्न अंशांवर दिसतो.

पोटात गोळा आला, कारण नेमकं त्याच बाजूला पुनर्विकासात बावीस मजल्यांची इमारत उभी राहिली आहे. भाच्याने कागदावर मांडून दाखवलं. ती आमच्या गच्चीच्या वर साधारण 53 मीटर आणि आमच्यापासून 45 मीटर लांब. उपग्रहाकडे जाणारी रेषा तेवढ्या अंतरात 70 मीटर वर गेलेली असते. सतराएक मीटरने सुटलो. नौपाड्यात आता रोज कुठे ना कुठे जुनी इमारत पाडतात, तेव्हा डिश घ्यायच्या आधी हे गणित प्रत्येकाने करावं. समोरच्या इमारतीची उंची, आपल्या गच्चीपासून मोजलेली, भागिले दीड. तेवढ्या मीटरच्या आत ती असेल तर अडते.

21 सप्टेंबरचा रविवार होता. सर्वपित्री अमावस्या. सकाळी बाबांचं पान कठड्यावर ठेवलं, कावळा आला, जेवणं झाली, आणि तीन वाजता आम्ही बोल्ट उघडायचे पाने घेऊन वर गेलो. बोल्ट गंजलेले. रात्रीच तेल सोडून ठेवलं होतं तरी दोन हलेनात, तिसऱ्याने करकर केलं. मोबाइलचं होकायंत्र टाकीच्या लोखंडी शिडीजवळ भलतंच दाखवत होतं, म्हणून चार पावलं लांब जाऊन 131 अंशाची खडूची रेघ जमिनीवर ओढली.

मग आई खाली टीव्हीसमोर, मी जिन्यात, भाचा डिशपाशी. पेटीत दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ फसवते. डिश कुठेही वळवा, ती साठ-सत्तर दाखवते, कारण एलएनबीला वीज मिळाली की ती उठतेच. खरी पट्टी क्वालिटीची, आणि ती योग्य उपग्रह सापडेपर्यंत शून्यावर मेल्यासारखी पडून असते. भाचा बोटभर डिश सरकवून पाच सेकंद थांबायचा, कारण पेटीला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. घाईत तो उपग्रह ओलांडून जातो आणि कळतही नाही. आई खालून "शून्य" म्हणायची, मी वर "शून्य" म्हणायचे. अर्धा तास शून्यच.

आणि मग आई ओरडली, "चाळीस! चाळीस गं!"

बोल्ट अर्धे आवळले, एलएनबीची पकड सैल करून तो जागच्या जागी थोडा थोडा फिरवला, तशी चाळीसची बासष्ट झाली. आवळताना डिश पुन्हा हलते, म्हणून समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळायचे. संध्याकाळी सातला आईने रिमोट स्वतः हातात घेतला, नंबर दाबला, आणि सह्याद्रीच्या बातम्या लागल्या. ती बातम्या संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

आठवडाभर सगळं छान चाललं. मग महिनाअखेरीस आईने सांगितलं, सकाळी अकराच्या आधी चित्र थांबतं, चौकोन चौकोन होतात आणि पाच-सात मिनिटांनी आपोआप येतं. रोज. मला वाटलं कनेक्टर पुन्हा गेला. पण कनेक्टर रोज घड्याळ बघून कसा जाईल?

2 ऑक्टोबरला दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आली होती, त्यामुळे मी घरी होते. आईने पाने आणि पक्कड पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं, नव्या पेटीवर झेंडूचं फूल ठेवलं. 10 वाजून 50 मिनिटांनी चित्र थांबलं. मी तशीच गच्चीवर गेले. ऊन लख्ख पडलेलं. आणि डिशच्या पुढे आलेल्या दांड्याच्या टोकाला, एलएनबीच्या पांढऱ्या टोपीवर, बरोबर मध्यभागी, उजेडाचा एक गोळा थरथरत होता. डिशवर पडलेलं ऊन तिथे गोळा होत होतं. म्हणजे सूर्य त्या क्षणी उपग्रहाच्या बरोबर मागे होता.

याला सन आउटेज म्हणतात. सूर्यातून रेडिओलहरीही येतात. तो उपग्रहाच्या मागे आला की त्यांच्या कल्लोळात 35,786 किलोमीटर उंचीवरून येणारा उपग्रहाचा क्षीण सिग्नल ऐकू येत नाही. वर्षातून दोनदा, काही दिवस, रोज काही मिनिटं. असे उपग्रह विषुववृत्ताच्या डोक्यावर असतात. आपण उत्तरेला, त्यामुळे आपल्याला ते किंचित दक्षिणेला दिसतात. म्हणून संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी न होता हे आठवडाभर पुढे होतं, आणि मार्चमध्ये तेवढंच आधी.

त्या ठिपक्याकडे मी बराच वेळ बघत उभी होते. अर्धा तास शून्य-शून्य ओरडून आम्ही जी दिशा शोधली, ती बरोबर असल्याचं सूर्याने दाखवलं होतं. हळूहळू ठिपका टोपीच्या कडेला सरकला आणि खालून आईची हाक आली, "आलं गं!"

बाबांची पेटी मी भंगारात दिली नाही. ती नव्या पेटीखाली आहे, पट्टीसकट. त्यावरचे नंबर आता चालत नाहीत, म्हणून नवी पट्टी आईने स्वतः लिहून नव्या पेटीवर चिकटवली आहे.

परवा यंदाच्या कालनिर्णयावर 12 मार्चच्या चौकटीत मी पेन्सिलीने लिहून ठेवलं: सूर्य, सव्वाअकरा. आईने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "अगं, ग्रहण तर तीन तारखेला दिलंय. मग बाराला काय?"