तीन ठिकाणी एकच उत्तर : आमची वाटचाल

वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिलचा छत्तिसावा नियम तसं स्पष्ट सांगतो. त्यामुळे किती प्रकरणं जिंकली, कुणाची नोंदणी वाचली, असले आकडे इथे मिळणार नाहीत. अशिलांची नावं अर्थातच नाहीत, आणि ओळख पटेल असे तपशीलही मुद्दाम गाळले आहेत. मग सांगण्यासारखं उरतं ते तक्रार झालेल्या डॉक्टर-नर्सेसचा बचाव करण्याचं हे काम आम्ही कसं शिकत गेलो, एवढंच.

डॉक्टरांचा बचाव करायचा असं ठरवून आम्ही ऑफिस उघडलं नव्हतं. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात मी मोटार अपघाताचे दावे चालवायची. त्या दाव्यांत जखमी माणसाला अपंगत्वाचा दाखला लागतो आणि दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागतं. साक्षीआधी मी त्यांच्या दवाखान्यात जाऊन एक्स-रे, ऑपरेशन नोट, डिस्चार्ज कार्ड समजून घ्यायची. पुढे याच हाडांच्या डॉक्टरांपैकी एकाला स्वतःविरुद्ध नोटीस आली, तेव्हा त्यांनी फोन केला. म्हणाले, "मॅडम, तुम्हाला आमचे कागद वाचता येतात." आमची फर्म उभी राहिली ती या एका वाक्यावर.

तेव्हा २००५ सालचा जेकब मॅथ्यू निकाल नवा होता. डॉक्टरवर फौजदारी गुन्हा चालवायचा तर साधी चूक पुरेशी नाही, हलगर्जीपणा ठळक हवा आणि तपासी अंमलदाराने आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं. डॉक्टर मंडळींना हायसं वाटलं. इतकं, की हा निकाल आपल्याला सगळीकडे तारेल असं अनेकजण धरून चालले. तो फौजदारी बाजूचा आहे. ग्राहक आयोग भरपाईचा विचार करतो, आणि डॉक्टरांची नोंदणी करणारी राज्याची वैद्यक परिषद वेगळंच विचारते: या माणसाचं नाव नोंदवहीत राहावं का? तुरुंगाची भीती सगळ्यांना असते, पण प्रॅक्टिस थांबते ती तिसऱ्या ठिकाणी. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार परिषद नाव ठरावीक काळासाठी किंवा कायमचं काढू शकते, आणि काढलं तर ते स्थानिक वर्तमानपत्रांतून जाहीर करायचं असतं. छोट्या गावातल्या डॉक्टरला तो छापील मजकूर बंदीपेक्षा जास्त लागतो. तरीही कौन्सिलचं, म्हणजे या परिषदेचं, पत्र बहुतेकजण टेबलाच्या खणात ठेवून आधी ग्राहक आयोगातल्या केसकडे पळायचे.

आमच्याकडे आलेल्या सुरुवातीच्या एका प्रकरणाने कामाची पद्धतच बदलली. बाळंतपणानंतर रक्तस्राव झाला, मोठ्या रुग्णालयात हलवेपर्यंत उशीर झाला. ग्राहक आयोगातलं उत्तर विमा कंपनीने नेमलेल्या वकिलाने लिहिलं होतं: हलवायला सांगितलं होतं, नातेवाईक तयार नव्हते. पोलिसांकडच्या जबाबात होतं: प्रकृती अचानक बिघडली, हलवायला वेळच मिळाला नाही. आणि कौन्सिलला डॉक्टरांनी रात्री बसून स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की त्या टप्प्यावर हलवण्याची गरज नव्हती. माणूस खोटारडा नव्हता. दोन तासांत तीन वेगवेगळे क्षण आले होते आणि प्रत्येक उत्तराने एकेक क्षण उचलला होता. तक्रारदाराच्या वकिलाने काय केलं असेल? तीनही कागद शेजारी शेजारी ठेवले.

त्यानंतर आम्ही एक शिरस्ता घातला, तो आजही मोडत नाही. कुठलंही उत्तर लिहिण्याआधी तारीख आणि वेळेनुसार एकच टिपण तयार होतं: काय झालं, ते कुणी पाहिलं, ते कुठल्या कागदावर आहे. पोलीस, आयोग, कौन्सिल, तिन्ही ठिकाणची उत्तरं त्याच टिपणातून निघतात. टिपणात जे नाही ते उत्तरात येत नाही, मग ते कितीही सोयीचं असो. यावरून काही डॉक्टर आमच्यावर चिडून दुसरीकडे गेले आहेत.

हे टिपण करायला मला एकटीला जमलं नसतं. वॉर्डात उभी हयात काढलेल्या एक सिस्टर निवृत्तीनंतर आमच्याकडे आल्या. ऑफिसात त्यांचं नाव कुणी घेत नाही, सगळे 'सिस्टर'च म्हणतात. मी केसपेपर पहिल्या पानापासून वाचायची. त्या आधी टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा, चार्ट काढतात, मग नर्सिंग नोट्स, मग औषधांचा चार्ट, आणि डॉक्टरांची नोंद शेवटी. त्यांचं म्हणणं, डॉक्टर आठवून लिहितात, नर्स घड्याळ बघून लिहिते. एकदा एक पान बोटाखाली धरून त्या म्हणाल्या, "मॅडम, रात्री दोनची नोंद आणि सकाळी आठची नोंद एकाच पेनाची, एकाच दमात लिहिलीय. विचारा त्यांना." विचारलं. नोटीस आल्यावर लिहिली होती. उपचार बरोबर होते, पण त्या एका ओळीमुळे आता सगळ्याच पानांवर संशय घेता येणार होता. राहिलेली नोंद नंतर करता येते, त्यात गैर काही नाही; फक्त आजची तारीख-वेळ घालून, 'मागाहून केलेली नोंद' असं लिहून सही करायची. कागद सजवण्याचा मोह नेमका नोटिशीनंतरच्या पहिल्या रात्री होतो. म्हणून फोनवर आम्ही पहिल्यांदा एवढंच सांगतो: मूळ कागदाला हात लावू नका, आणि तक्रारदाराला फोन करू नका.

दुसरा सापळा बहात्तर तासांचा. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने कागद मागितले तर मागणीची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. आंतररुग्णांचे कागद तीन वर्षं जपायचे, असं २००२ च्या आचारसंहितेत आहे. वातावरण तापलेलं असतं, बिल थकलेलं असतं, काउंटरवरचा मुलगा "उद्या या" म्हणतो. मग तक्रारीत उपचारांबरोबर हाही मुद्दा येतो, आणि तो सिद्ध करायला तज्ज्ञ लागत नाही, तारखेचा एक अर्ज पुरतो.

सुनावणीला मुंबईला जायचं तर आम्ही सकाळच्या पंचवटीने निघतो. गाडीत मी डॉक्टरांना त्यांचेच कागद मोठ्याने वाचायला लावते. परिषदेपुढे वकील चालतो, नियमात तशी सोय आहे. पण समोर त्याच व्यवसायातली माणसं असतात आणि त्यांना माझ्यापेक्षा डॉक्टरकडून ऐकायचं असतं. कोर्टातली तारखा घेण्याची सवय इथे उपयोगाची नाही. "मी तेव्हा हे पाहिलं, म्हणून हे केलं" असं जो सरळ सांगतो त्याचं ऐकलं जातं, हे माझं मत आहे. माझ्या काही व्यवसायबंधूंना ते पटत नाही.

सोनोग्राफीच्या प्रकरणांवर आमच्या ऑफिसात सर्वांत जास्त वाद झाले. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी भरायचा फॉर्म एफ अपुरा असला तरी तो गंभीर भंग धरला जातो, आणि तसं नाही हे सिद्ध करण्याचा भार डॉक्टरवर असतो. न्यायालयाने आरोप निश्चित केले की समुचित प्राधिकारी, म्हणजे हा कायदा राबवणारा अधिकारी, परिषदेला कळवतो आणि खटला संपेपर्यंत नोंदणी निलंबित होऊ शकते. शिक्षा झाली तर पहिल्या वेळी पाच वर्षं नाव जातं, दुसऱ्यांदा कायमचं. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने कारकुनी चुकांवरून कारवाई होते म्हणून दाद मागितली होती. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तरतुदी कायम ठेवल्या. माझ्या भागीदाराचं म्हणणं होतं, ही प्रकरणं घ्यायचीच नाहीत. सिस्टर म्हणाल्या, रकाना रिकामा राहणं आणि मुलगी पाडणं यांतला फरक कागदावरूनच कळतो, तो आपण नाही वाचायचा तर कुणी? आता आम्ही सगळे फॉर्म, रजिस्टर आणि मशीनमधल्या नोंदी ताडून पाहतो आणि मगच वकीलपत्र घेतो. काही वेळा घेत नाही.

वकीलपत्र न घेण्याची आणखी दोन कारणं आहेत. रुग्ण न पाहता दिलेले खोटे दाखले, आणि मेडिकल स्टोअरला भाड्याने दिलेलं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट. कबूल करून शिक्षा कमी व्हावी असं म्हणणं मांडायचं असेल तर मांडतो. "मी रोज दुकानात बसत होतो" असं आमच्या लेटरहेडवर लिहून मिळणार नाही.

मधल्या काळात नियम हलत राहिले. २५ सप्टेंबर २०२० ला देशपातळीवरची जुनी मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया गेली, राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग आला, आणि राज्य परिषदेच्या निर्णयावरच्या अपिलाचा पत्ता बदलला: आधी आयोगाचं नीती आणि नोंदणी मंडळ, त्यानंतर साठ दिवसांत खुद्द आयोग. २ ऑगस्ट २०२३ ला नवी आचारसंहिता निघाली, त्यात औषधं कंपनीच्या ब्रँडऐवजी जेनेरिक, म्हणजे मूळ औषधाच्या, नावाने लिहायची होती. त्या दिवसांत आमचा फोन थांबेना. एका डॉक्टरांनी तर नवे प्रिस्क्रिप्शन पॅड छापून घेतले. २३ ऑगस्टला ती स्थगित झाली आणि २००२ चीच पुन्हा लागू झाली. पॅड बहुधा अजून पडून असतील.

नर्सेस आमच्याकडे सगळ्यांत उशिरा येतात. घटना घडली की रुग्णालयाचाच वकील त्यांचा जबाब लिहून घेतो, आणि त्यात बऱ्याचदा "मला सांगितलं गेलं नव्हतं" ऐवजी "माझ्या लक्षात राहिलं नाही" असं असतं. रुग्णालय आणि नर्स यांचं हित एक नसेल तर वकील एक कसा चालेल? अशा प्रकरणांत आम्ही डॉक्टर किंवा नर्स, एकाचंच काम घेतो आणि दुसऱ्याला दुसरीकडे पाठवतो. नर्सेसची फी हप्त्याने घेतो, कधी राहूनही जाते. भागीदाराच्या वहीत त्याचं वेगळं पान आहे.

सध्या ऑफिसात दोन ज्युनिअर आहेत. त्यांना पहिले सहा महिने मसुदे देत नाही, सिस्टरांच्या टेबलाशेजारी बसवतो. गेल्या वर्षापासून डॉक्टरांच्या विमा पॉलिसीही वाचून देऊ लागलो आहोत, कारण भरपाई आणि कोर्टखर्च देणारी पॉलिसी परिषदेपुढच्या सुनावणीचा खर्च देईलच असं नाही, आणि ते कलम नोटीस येईपर्यंत क्वचितच कुणी वाचतं. डेंटल आणि होमिओपॅथीची कामं फार घेत नाही. त्यांच्या परिषदा वेगळ्या, कायदे वेगळे. त्यातला जाणकार माणूस मिळाला की तेही सुरू करू.